गाडी तारण ठेवून घेतलेले कर्ज थकल्यास कायद्याने काय होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्याचा खर्च, मुलांची फी किंवा धंद्यातली अडचण भागवण्यासाठी स्वतःच्या मालकीची गाडी तारण ठेवून कर्ज घेण्याची पद्धत महाराष्ट्रात चांगलीच रुळली आहे. कोणी त्याला ‘आरसीवर लोन’ म्हणतो, कोणी ‘रिफायनान्स’, तर कोणी ‘टॉपअप’. कर्ज देणारा कधी बँक असतो, कधी फायनान्स कंपनी आणि कधी गावातला सावकार. हप्ते थकल्यावर मात्र बहुतेकांची एकच समजूत असते, की आता आपल्याला काही विचारण्याचा हक्क उरलेला नाही. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे कर्जदाराचे कर्जापेक्षाही जास्त नुकसान होते. कर्जदारांच्या बाजूने अशी प्रकरणे पाहताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्येक प्रकरणातला करार वेगळा असतो, त्यामुळे आपला करार समोर ठेवूनच ती वाचावीत.

गाडी माझ्या नावावर आहे आणि माझ्याच दारात उभी असते. मग तिच्यावर कंपनीचा हक्क कसा?

या व्यवहाराला मराठीत ‘नजरगहाण’ असा नेमका शब्द आहे, तर कंपनीच्या कागदांत ‘हायपोथिकेशन’ असे लिहिलेले असते. सोने गहाण ठेवताना वस्तू सावकाराच्या तिजोरीत जाते. नजरगहाणात वस्तू कर्जदाराच्या ताब्यात व वापरात राहते आणि तिच्यावर फक्त बोजा चढतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ नुसार आरटीओकडे नमुना ३४ दाखल करून ही नोंद आरसीवर केली जाते. मालक आपणच राहता, पण कर्ज देणाऱ्याच्या ना-हरकतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

एक हप्ता चुकला तर लगेच गाडी ओढून नेतात का?

सर्वसाधारणपणे नाही. हप्ता ठरलेल्या तारखेला जमा झाला नाही की खाते थकीत होते आणि त्या दिवसापासून त्याची पायरी मोजली जाते. पहिले ३० दिवस ‘एसएमए-०’ (एसएमए म्हणजे अडचणीत येऊ लागलेल्या खात्याची खूण), ३१ ते ६० दिवस ‘एसएमए-१’ आणि ६१ ते ९० दिवस ‘एसएमए-२’ अशा या पायऱ्या आहेत. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खाते अनुत्पादक, म्हणजे ‘एनपीए’ ठरते. अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगायला हवी. एकदा एनपीए झालेले खाते एखाददुसरा हप्ता भरून नियमित होत नाही. त्यासाठी व्याजासह सगळी थकबाकी भरावी लागते. म्हणूनच हातात थोडे पैसे असतील, तर ते ९० दिवस उलटण्याच्या आत भरण्याला फार महत्त्व आहे.

गाडीचा ताबा घेण्यासाठी ९० दिवस थांबलेच पाहिजे असा सरसकट नियम मात्र नाही. ते करारातील कलमावर आणि त्यात लिहिलेल्या नोटिशीच्या मुदतीवर अवलंबून असते. त्यामुळे हप्ता चुकणार असे दिसताच शाखेला लेखी कळवावे, मुदतवाढ किंवा हप्त्यांची पुनर्रचना मागावी आणि पोच घेऊन ठेवावी. ‘साहेबांना फोनवर सांगितले होते’ या वाक्याला पुढे कोणीही किंमत देत नाही.

थकलेल्या हप्त्यावर किती दंड लावता येतो?

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने ‘दंडव्याज’ आकारण्याची पद्धत बंद केली. नव्या कर्जांसाठी हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आणि जुन्या कर्जांनाही ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचा होता. आता दंड ‘शुल्क’ म्हणूनच घेता येतो, तो वाजवी असावा लागतो आणि मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. या दंडशुल्कावर जीएसटी लागत नाही, हेही जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट करण्यात आले आहे. खाते उतारा मागवून या गोष्टी अवश्य तपासाव्यात.

न्यायालयाचा आदेश नसताना कंपनी गाडी ताब्यात घेऊ शकते का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा हाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. करारात ताबा घेण्याचे कलम असेल आणि कर्जदार हप्ते भरण्यात चुकला असेल, तर कर्ज देणाऱ्याला त्या कलमानुसार ताबा घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी मान्य केले आहे. मात्र त्याच न्यायालयाने आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या २००७ च्या निकालात बजावले, की वसुली किंवा जप्ती कायदेशीर मार्गानेच झाली पाहिजे आणि त्यासाठी गुंड पाठवता येणार नाहीत. मॅग्मा फिनकॉर्प विरुद्ध राजेश कुमार तिवारी या २०२० च्या निकालात भाडेखरेदी कराराखालील, म्हणजे हप्ते फिटेपर्यंत मालकी कंपनीकडेच राहते अशा कराराखालील, ताबा घेण्याचा हक्क मान्य झाला. परंतु करारानुसार नोटीस देणे आवश्यक असताना ती न देता गाडी नेली, तर कंपनी भरपाई देण्यास जबाबदार ठरते, असेही तेथे सांगितले आहे. पाटणा उच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी याहून कडक भूमिका घेतली आणि दांडगाई करून गाड्या उचलणे हा उपजीविकेच्या व सन्मानाने जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे म्हटले. हा निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, परंतु युक्तिवादात तो दाखवता येतो.

फायनान्स कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेची जी उचित व्यवहार संहिता आहे, तिच्यातील एक तरतूद माझ्या मते कर्जदाराच्या हातातले सर्वांत उपयोगी हत्यार आहे. कर्ज कराराच्या ताबा कलमात सहा गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात. ताबा घेण्यापूर्वी किती दिवसांची नोटीस दिली जाईल, ती कोणत्या परिस्थितीत दिली जाणार नाही, ताबा कसा घेतला जाईल, विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी कशी मिळेल, पैसे भरल्यावर गाडी परत कशी दिली जाईल आणि लिलाव कोणत्या पद्धतीने होईल, अशा त्या सहा गोष्टी आहेत. कराराची प्रत जोडपत्रांसह कर्जदाराला मिळालीच पाहिजे आणि कंपनीचा पत्रव्यवहार त्याला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे, असेही ही संहिता सांगते. आपल्याकडे प्रत नसेल, तर आजच लेखी मागावी आणि मराठीत मागावी.

मोठ्या रकमेच्या कर्जांत बँका सरफेसी कायदा, २००२ चा, म्हणजे न्यायालयात दावा न लावता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याचा, आधार घेऊ शकतात. तेथे ६० दिवसांची नोटीस सक्तीची असते. लहान गाडीकर्जांत हा मार्ग क्वचित दिसतो.

वसुलीची माणसे रस्त्यात गाडी अडवतात तेव्हा काय करावे?

माझ्याकडे आलेल्या एका टेम्पोमालकाची हकीकत सांगतो. टोलनाक्याच्या थोडे पुढे, रात्री साडेनऊच्या सुमारास, दोन मोटारसायकली त्याच्या टेम्पोसमोर आडव्या झाल्या. चौघांपैकी एकाने किल्ली काढून घेतली आणि दुसऱ्याने बॉनेटवर कागद ठेवून ‘सही कर, उद्या ऑफिसला ये’ असे सांगितले. कागदावर वरच्या बाजूला इंग्रजीत दोन ओळी होत्या आणि खाली सगळे कोरे होते. त्याने सही केली. पुढे त्याच कोऱ्या जागेत ‘मी स्वखुशीने गाडीचा ताबा देत आहे’ असा मजकूर आला. मागच्या हौद्यातला भाजीचा माल, डॅशबोर्डच्या कप्प्यातली परवान्याची कागदपत्रे आणि नवी बॅटरी यांची कोठेही नोंद झाली नाही.

त्या माणसाला तेथे दोन गोष्टी करता आल्या असत्या. एक म्हणजे ओळखपत्र आणि कंपनीचे अधिकारपत्र पाहण्यासाठी मागणे, कारण वसुली एजंटाला ते जवळ बाळगावेच लागते. दुसरी म्हणजे कोऱ्या किंवा न समजणाऱ्या कागदावर सही न करणे. सही करावीच लागली, तर ‘दबावाखाली’ किंवा ‘माझी संमती नाही’ असे स्वतःच्या अक्षरात लिहून तारीख व वेळ घालावी. धक्काबुक्की, शिवीगाळ किंवा किल्ली हिसकावणे झाले, तर ११२ वर फोन करावा. ‘आम्ही पोलीस ठाण्यात कळवले आहे’ असे एजंट हमखास सांगतात, पण पोलिसांना दिलेली पूर्वसूचना म्हणजे पोलिसांची परवानगी नव्हे आणि न्यायालयाचा आदेश तर नव्हेच. त्याच वेळी आपल्या बाजूनेही हात उगारू नये, कारण मग कर्जाचे प्रकरण बाजूला राहते आणि फौजदारी गुन्हा अंगावर येतो.

वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, तसेच कर्जदाराच्या नातेवाइकांना व मित्रांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ रोजी बजावलेले आहे.

गाडी यार्डात गेली आहे. ती परत मिळू शकते का?

विक्री होण्यापूर्वी मिळू शकते आणि येथे एकेक दिवस मोलाचा असतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कंपनीला ईमेल किंवा नोंदणीकृत पत्र पाठवून ताबा पावती, गाडीतील वस्तूंची यादी, थकबाकीचा तपशीलवार हिशोब आणि गाडी सोडवण्याची एकूण रक्कम मागावी. वस्तूंच्या यादीत स्टेपनी, जॅक, बॅटरी, टायरची स्थिती आणि किलोमीटरचा आकडा आहे का ते पाहावे, कारण यार्डात उभ्या गाडीतून नेमक्या याच गोष्टी नाहीशा होतात. गाडीतील आपले खासगी सामान व कागदपत्रे तारणाचा भाग नसतात आणि ती परत मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

ताबा बेकायदा घेतला असे वाटत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करून विक्रीला अंतरिम स्थगिती मागता येते. धंद्यासाठी घेतलेली गाडी असली तरी ती स्वतः चालवून उदरनिर्वाह करणारा माणूस ग्राहकाच्या व्याख्येत बसू शकतो.

गाडी कंपनीच्या ताब्यात गेल्याची तारीख आणि वेळ लेखी असणे आणखी एका कारणासाठी गरजेचे आहे. आरसीवर नाव आपलेच असल्यामुळे नंतरची ई-चलने आपल्याच मोबाइलवर येत राहतात, आणि अपघात झाल्यास पहिली नोटीसही आपल्याच पत्त्यावर येते.

कंपनीने गाडी विकली, म्हणजे कर्ज फिटले ना?

नाही. या गैरसमजापायी मी अनेक कुटुंबे अडचणीत आलेली पाहिली आहेत. समजा, मुद्दल व व्याज मिळून ३,१०,००० रुपये बाकी आहे, दंडशुल्क, गाडी ओढून नेण्याचा खर्च आणि यार्डाचे भाडे मिळून २५,००० रुपये झाले आणि लिलावात गाडीचे १,९५,००० रुपये आले. तरीही १,४०,००० रुपये अंगावर उरतात आणि त्यांच्या वसुलीसाठी कंपनी स्वतंत्र कारवाई करू शकते. उलट, विक्रीतून येणे रकमेपेक्षा जास्त पैसे आले, तर वरची रक्कम कर्जदाराला परत मिळाली पाहिजे.

त्यामुळे ‘न्या गाडी, सुटलो एकदाचा’ असे म्हणून किल्ली देऊन टाकण्यापूर्वी, गाडी घेतल्यावर पूर्ण हिशोब मिटला असे कंपनी लेखी देते का, हे विचारावे. देत नसेल, तर कंपनीच्या परवानगीने स्वतःच गिऱ्हाईक शोधून गाडी विकणे बहुतेक वेळा जास्त फायद्याचे ठरते. लिलाव झालाच असेल, तर मूल्यांकन अहवाल, आलेल्या बोली आणि खर्चाच्या पावत्या मागाव्यात. कवडीमोलाने विक्री झाल्याचे दाखवता आले, तर उरलेल्या रकमेच्या दाव्याला तेथेच धक्का बसतो. कर्जदाराने आरसी देण्यास नकार दिला तरी, कंपनी नमुना ३६ भरून आपल्या नावावर नवी आरसी मागू शकते. मात्र त्यापूर्वी मूळ मालकाला म्हणणे मांडण्याची संधी आरटीओने द्यायची असते. ती नोटीस आली तर उत्तर द्यावे.

दुसऱ्याच राज्यातून लवादाची नोटीस आली आहे. तिकडे दुर्लक्ष केले तर चालेल का?

मुळीच नाही. बहुतेक करारांत वाद न्यायालयाऐवजी लवादाकडे, म्हणजे नेमलेल्या खासगी पंचाकडे, नेण्याचे कलम असते. आपण हजर राहिला नाहीत, तर एकतर्फी निवाडा होतो आणि लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ नुसार तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात येतो, म्हणजे पगार, बँक खाते किंवा इतर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. गाडी ताब्यात घेण्याचा अंतरिम आदेशही याच कायद्याच्या कलम ९ खाली न्यायालयाकडून किंवा कलम १७ खाली लवादाकडून मिळवला जातो.

परंतु कंपनीने एकट्याच्या मर्जीने नेमलेला लवाद कर्जदाराने मान्य करावाच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पर्किन्स ईस्टमन या २०१९ च्या निकालानंतर अशा एकतर्फी नेमणुकीला कलम १२(५) च्या आधारे हरकत घेता येते. ही हरकत पहिल्याच उत्तरात, लेखी आणि नोंदणीकृत डाकेने पाठवावी. निवाडा झालाच असेल, तर त्याची प्रत मिळाल्यापासून तीन महिन्यांत कलम ३४ खाली अर्ज करावा लागतो आणि सबळ कारण असेल तर न्यायालय आणखी फक्त ३० दिवस देऊ शकते.

हप्ता थकला म्हणून तुरुंगात जावे लागेल का?

केवळ पैसे नाहीत म्हणून कर्ज न फेडणे हा गुन्हा नाही. हुकूमनामा झाल्यावर दिवाणी कैदेची तरतूद आहे, पण ऐपत असूनही अप्रामाणिकपणे टाळाटाळ करणाऱ्यासाठी ती आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले आहे.

धोका वेगळ्या ठिकाणी आहे. कर्ज घेताना दिलेला धनादेश वटला नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. बँक खात्यातून आपोआप वळती होणारी रक्कम शिल्लक नसल्यामुळे परत गेली, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ मध्ये तसाच गुन्हा आहे. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तक्रार करण्यापूर्वी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पैसे भरण्यासाठी १५ दिवस मिळतात. हे १५ दिवस वाया घालवू नयेत. दरम्यान काही रक्कम भरलेली असताना कंपनीने जुना धनादेश पूर्ण रकमेसाठी वटवायला टाकला असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा दशरथभाई पटेल प्रकरणातील २०२२ चा निकाल वकिलांना आवर्जून दाखवावा.

गाडी दुसऱ्या गावी ठेवली किंवा परस्पर विकली तर?

असे कधीही करू नये. आतापर्यंत दिवाणी स्वरूपाचा असलेला वाद एका रात्रीत फौजदारी होऊ शकतो. तारण असलेली गाडी ना-हरकतीशिवाय विकणे, तिचे भाग काढून विकणे किंवा ती लपवणे यांवरून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताची किंवा कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्याद होऊ शकते. ‘पुढचे हप्ते तो भरेल’ अशा तोंडी बोलीवर गाडी मित्राला चालवायला देणे हेही तितकेच घातक आहे, कारण हप्ते, चलने आणि अपघाताची भरपाई या तिन्ही गोष्टी आपल्याच नावावर राहतात.

जामीनदाराचे आणि वारसांचे काय?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराच्या मागे लागा, मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. कर्जदार वारला, तर वारस फक्त मिळालेल्या वारशाच्या मर्यादेत देणे लागतात, स्वतःच्या कमाईतून नाही. कर्जासोबत विमा उतरवला होता का, हे अशा वेळी आधी पाहावे. अनेक घरांत हप्त्यांतून विम्याचा प्रीमियम कापला गेलेला असतो आणि कुटुंबाला त्याची कल्पनाही नसते.

कर्ज खासगी सावकाराचे असेल तर?

मग नियम वेगळे आहेत आणि ते कर्जदाराच्या बरेच बाजूने आहेत. बँका, सहकारी संस्था व रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या फायनान्स कंपन्या यांसारख्या संस्था सोडून इतरांना महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. परवानाधारक सावकारासाठी राज्य शासनाने २०१४ मध्ये व्याजाचे कमाल दर ठरवून दिले. तारणी कर्जासाठी शेतकऱ्यांना वर्षाला ९ टक्के आणि इतरांना १५ टक्के, तर विनातारण कर्जासाठी अनुक्रमे १२ आणि १८ टक्के असे ते दर आहेत. महिन्याला १० टक्के म्हणजे वर्षाला १२० टक्के, हे लक्षात घेतले की गावोगावी चालणारी लूट किती मोठी आहे ते कळते. आपल्याकडे पूर्वापार मानलेले दामदुपटीचे तत्त्वही या कायद्यात आहे. एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही.

बेकायदा सावकार बहुधा आरसी, दुसरी किल्ली आणि सह्या केलेले गाडी हस्तांतरणाचे कोरे नमुने २९ व ३० ठेवून घेतो आणि हप्ता चुकताच गाडी परस्पर दुसऱ्याच्या नावावर करतो. असे कोरे नमुने दिले असतील, तर आरटीओला हस्तांतरणाबाबत लेखी हरकत द्यावी आणि तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करावी. पैसे रोखीने दिले असले तरी फोनवरचे संदेश, साक्षीदार आणि खात्यातून काढलेल्या रकमा हा पुरावा असतो.

तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवावे का?

पर्याय नसेल तर जरूर, पण डोळसपणे. सिबिलच्या अहवालात असे खाते ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ दिसते आणि पुढची काही वर्षे नवे कर्ज मिळणे अवघड जाते. तडजोडीचे पत्र कंपनीच्या अधिकृत पत्रशीर्षावर हाती आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये, पैसे एजंटाच्या मोबाइलवर न पाठवता कर्ज खात्यातच भरावेत आणि त्या पत्रात धनादेशाचे खटले व लवादाची कारवाई मागे घेण्याचा उल्लेख करून घ्यावा.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नये. दावा दाखल होण्यापूर्वीच्या प्रकरणात ती बोलणीसाठी बोलावणे असते, अटकेचे वॉरंट नसते. मात्र तेथे झालेला समझोता हुकूमनाम्याइतका बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून झेपेल तेवढीच रक्कम कबूल करावी.

तक्रार कोठे करावी?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे संकेतस्थळावरून विनामूल्य तक्रार करता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याचा राष्ट्रीय क्रमांक १५१०० आहे.

कंपनी किती वर्षे मागे लागू शकते?

वसुलीच्या दाव्याला किंवा लवादाला सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी आपण लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली, तर ती नव्याने सुरू होते. म्हणून जुन्या थकबाकीबाबत अचानक आलेल्या ‘फक्त ५०० रुपये भरा’ अशा फोनला उत्तर देण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

सगळे पैसे फिटले. आता आरसीवरचा बोजा कसा उतरवायचा?

कंपनीकडून थकबाकी नसल्याचा दाखला, ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा नमुना ३५ घेऊन आरटीओकडे अर्ज करावा. व्यक्तींना दिलेल्या वैयक्तिक कर्जांत परतफेड किंवा तडजोड पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करून बोजा काढणे बंधनकारक आहे. कंपनीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, असा नियम रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून लागू केला. ना-हरकत पत्राला मुदत असते, त्यामुळे ते कपाटात न ठेवता लगेच आरटीओत द्यावे आणि नव्या आरसीवर कंपनीचे नाव राहिलेले नाही ना, हे तेथेच पाहून घ्यावे. कोरे धनादेश दिले असतील, तर तेही क्रमांकासह यादी करून परत मागावेत.